ऐकलेली बातमी आणि वाचलेला कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोलायचे." मी लाटणे हातात घेऊन उभी. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला वाण भरायला सांगा, शंभर माणसांचा मसालेभात करायला सांगा. भाषण कसले सांगता?" त्या म्हणाल्या, "बायकांना सरकारचे कागद ओट्यावर बसून वाचून दाखवता ना? मग तेच इथे सांगा." त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून उभी राहिले आहे. बोलताना काही चुकले-माकले तर घरचीच समजून पदरात घ्या.

माझा विषय साधा आहे. राज्यसरकारच्या बातम्या आपल्या घरापर्यंत कशा येतात, त्यांतल्या खऱ्या कोणत्या ते कसे ओळखावे, आणि आपल्या हक्काचे जे आहे ते मिळविण्यासाठी कोणत्या दाराशी जावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. यांतले मला काही शाळेने शिकविले नाही. एका चुकीने शिकविले. ती चूक माझी स्वतःची आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. जिच्या बाबतीत ती घडली, ती माझी शेजारीण आज इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे. नाव मात्र घेणार नाही.

२०१९ सालच्या भाद्रपदातली गोष्ट. तिचे यजमान सुतारकाम करीत. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि ते गेले. पदरी दोन लेकरे, मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा अकरा. तेरावा उरकला, पाहुणे पांगले, आणि आठ-दहा दिवसांनी ती संध्याकाळी माझ्या मागल्या दारी येऊन बसली. म्हणाली, "वहिनी, आमच्यासारख्यांना सरकार काही देते का हो? तुम्ही पेपर वाचता म्हणून विचारते."

आता माझ्या सासूबाईंना त्या वेळी श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत होते. पासष्ट वर्षे पुरी झाली तेव्हा त्यांचा अर्ज मंजूर झाला, हे मला पक्के ठाऊक होते. त्यावरून मी अगदी ठासून सांगितले, "पासष्ट वर्षे झाल्याशिवाय काही मिळत नाही बाई. उगीच तालुक्याला हेलपाटे घालू नकोस, जाण्यायेण्याचे पैसे मात्र जातील." तिने मान हलविली. कढीपत्त्याची काडी हवी होती ती घेतली, आणि गेली. मला वाटले, बरे झाले, हिचे हेलपाटे वाचवले.

त्यानंतर साडेतीन वर्षे ती बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली, दोन घरची धुणी धरली. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पण अकरावीला तिचे नाव घातले नाही. ती शिवणाच्या दुकानात काजे-बटणे करायला जाऊ लागली. मी रोज तिला डबा घेऊन जाताना पाहत होते. हळहळत होते. पण त्यात माझा काही हात आहे, असे स्वप्नातसुद्धा आले नव्हते.

२०२३ च्या फेब्रुवारीत सासूबाईंचा हयातीचा दाखला देण्यासाठी मी त्यांना घेऊन तालुक्याला गेले. रांग मोठी होती. सासूबाई बाकावर बसल्या आणि मी उभी. समोर भिंतीवर योजनांचा फलक होता. वेळ जात नाही म्हणून वाचू लागले. श्रावणबाळ योजना, पासष्ट वर्षे व त्यावरील, हे वाचले. त्याच्याच वरती लिहिले होते, संजय गांधी निराधार अनुदान योजना, पासष्ट वर्षांच्या आतील निराधार स्त्रीपुरुष, आणि पुढच्या ओळीत विधवा, परित्यक्ता, दिव्यांग. मी ती ओळ तीनदा वाचली. भगिनींनो, ती योजना काही नवी नव्हती. तो फलकही नवा नसावा, कारण त्याचा रंग उडालेला होता. मला मात्र दोन्ही योजना एकच वाटल्या होत्या.

परत येताना एस.टी.त मी मनाशी हिशेब केला. त्या काळात महिन्याला हजार रुपये तरी मिळत होते. साडेतीन वर्षांचे बेचाळीस हजार. मी कोणाच्या घरात कधी चोरी केली नाही, उसने घेतलेले पीठसुद्धा शिगोशीग परत केले. आणि शेजारणीच्या घरातले बेचाळीस हजार रुपये मी एका वाक्याने घालविले होते. मुलीच्या अकरावीची फी, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास, सगळे त्यात बसले असते.

दोन दिवस मला तिच्याकडे जाण्याचे धाडस झाले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळे सांगितले. तिने सुपातली नजर वर केली नाही. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता कागद कुठले लागतील?" याहून जास्त ती त्या दिवशी बोलली नाही, आणि मलाही काही बोलवले नाही.

मग आम्ही दोघी कागदांच्या मागे लागलो. यजमानांचा मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, वयाचा पुरावा, राज्यात पंधरा वर्षे राहत असल्याचा पुरावा, बँकेचे पुस्तक. या योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असावे लागते, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तिचे नाव यादीत होते. मार्चमध्ये अर्ज दिला. तालुक्याच्या समितीपुढे गेला, मंजूर झाला. त्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, सरकारने ही रक्कम महिन्याला १,५०० रुपये केली होती, त्यामुळे तिला सुरुवातीपासून तेवढे मिळू लागले. मी तिथल्या कारकुनाला विचारले, "मागचे काही मिळेल का हो?" ते म्हणाले, "मंजुरीपासून पुढचे. मागचे नाही." तेव्हापासून मी ठरविले, की सरकारी गोष्टीत कागद पाहिल्यावाचून कोणालाही 'मिळते' म्हणायचे नाही आणि 'मिळत नाही' तर मुळीच म्हणायचे नाही.

तुम्ही म्हणाल, चूक कोणाचीही होते. खरे आहे. पण आपल्याकडे बातमी कशी फिरते ते पाहा. माझ्या आजोळी कोतवाल दवंडी पिटीत असे. ती एकाच वेळी, एकाच शब्दांत साऱ्या गावाने ऐकावयाची. न समजले तर लोक चावडीवर जाऊन विचारीत. आता बातमी मोबाइलवर येते. एकीला एका तऱ्हेने येते, दुसरीला दुसऱ्या. त्यावर तारीख नसते, खात्याचे नाव नसते, खाली मात्र 'दहा जणींना पाठवा' असे असते. आणि आपण पाठवितो!

जी बातमी आपल्या दारावरून जाते ती आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. आठ दिवसांत आळीतल्या साऱ्याजणींना कळले, कारण वाहकानेच तिकीट अर्धे फाडले. पण जी सवलत मागितल्यावाचून मिळत नाही, जिचा अर्ज करावा लागतो, ती कागदात पडून राहते. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर ७५,०००, असे मिळून १,०१,००० रुपये मिळतात. त्यासाठी अंगणवाडीच्या ताईंकडे अर्ज करावा लागतो. आपल्या मंडळात २०२३ नंतर आज्या झालेल्या कितीतरी आहेत. नातीच्या बारशाला आपण घुगऱ्या वाटल्या, पण हा अर्ज केला का, हे घरी गेल्यावर सुनेला जरूर विचारा.

तसेच जुलै २०२४ मध्ये सरकारने ठरविले, की ज्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्यातल्या आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी पूर्ण माफ. हे ठाऊक नसल्याने 'एवढे पैसे कुठून आणू' म्हणून घरी बसविलेली एखादी हुशार मुलगी आपल्याच आळीत असू शकेल. मी असे म्हणते, कारण मी एकीला बसलेली पाहिली आहे.

आता कागद कसा वाचावा, ते सांगते. सरकारने काही ठरविले, की त्याचा 'शासन निर्णय' निघतो. नाव ऐकून घाबरून जाऊ नका. तो आपल्या मराठीतच असतो. भाषा जरा जड असते, पण सत्यनारायणाच्या पोथीपेक्षा जड नाही. सर्वांत वरती विषय लिहिलेला असतो. त्याखाली कोणते खाते, क्रमांक आणि तारीख. मग 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. मग प्रस्तावना, म्हणजे हे का केले. आणि त्याखाली मुख्य निर्णय, त्यात कोण पात्र, कोण अपात्र, कागद कोणते, अर्ज कुठे. माझ्यासारखीने प्रस्तावना सोडून सरळ 'पात्रता' आणि 'अपात्रता' ही दोन कलमे वाचावीत. शेवटी राज्यपालांच्या आदेशाने व नावाने म्हणून अधिकाऱ्याची सही असते. सरकारच्या संकेतस्थळावर हे सगळे निर्णय फुकट पाहावयास मिळतात. तिथे प्रत्येकाला एक लांबलचक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. एवढे ओळखता आले, की हा कागद केव्हाचा ते चटकन कळते. माझा धाकटा मुलगा मोबाइलवर काढून देतो, मी वाचते. तुमच्याही घरात दहावी-बारावीची पोरे आहेत, त्यांना सांगा. दिवसभर त्यांच्या हातात ते यंत्र असतेच. जरा आईचेही काम होऊ द्या.

तारीख का पाहावी, त्याचे उदाहरण आपण साऱ्यांनी भोगले आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा पहिला निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वय एकवीस ते साठ होते, अधिवासाचा दाखला लागत होता, पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असणाऱ्या कुटुंबाला वगळले होते आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंतच होती. झाले! साऱ्या बायका दाखल्यासाठी धावल्या. पावसात रांगा लागल्या. कोणी दाखल्याचे दोनशे मागितले, कोणी पाचशे. आणि आठवडाही झाला नाही तो नियम बदलले. वय पासष्टपर्यंत वाढले, जमिनीची अट गेली, पिवळ्या व केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत झाली. आणि अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, यांतला एक चालेल असे झाले.

हा नवा कागद मंडळाच्या ओट्यावर आपण वाचला, तो दिवस मला आठवतो. पंचवीस-तीस बायका होत्या. एक म्हणाली, "शाळा सोडल्याचा दाखला चालतो? म्हणजे माझी चौथी कामाला आली म्हणायची!" सगळ्या हसलो. मी घरी जाऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला माझा सातवीचा दाखला काढला. घड्यांवर विरला होता. लग्नात माझ्याबरोबर तो आला, त्यानंतर इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तो दाखला जोडून माझा अर्ज भरला गेला. शाळा सुटली तेव्हा मी फार रडले होते. त्या दिवशी वाटले, सात वर्षे अगदीच फुकट गेली नाहीत.

आणि तरीही जुना नियम धरून बसलेल्या काही बायका त्यानंतरही दाखल्याच्या रांगेत उभ्या होत्या, पैसे मोजत होत्या. त्यांना कोणी फसविले म्हणावे, तर शिळी बातमी सांगणारी त्यांचीच जाऊ-नणंद होती. अर्ज भरण्याला पैसे नाहीत, असे निर्णयात स्पष्ट होते. मदत करणाऱ्या अंगणवाडीताईंना सरकारच अर्जामागे पन्नास रुपये देणार होते. ते एक वाक्य ज्यांनी वाचले, त्यांचे पैसे वाचले.

माझ्या त्या शेजारणीनेही विचारले, "वहिनी, मला हे मिळेल का?" या वेळी मी उत्तर दिले नाही. कागद पुढे ठेवला आणि दोघींनी वाचला. ज्या बाईला सरकारच्या दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळतात, ती अपात्र, असे लिहिले होते. ती म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून नाही. बरे, खात्री झाली." 'नाही' असे उत्तर आले तरी ते कागदावरून आले, म्हणजे मन शांत राहते. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेसाठी आधारावरून ओळख पडताळून घेण्याचे निघाले, तेव्हा खोट्या संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला. खात्याचा क्रमांक, मोबाइलवर आलेला आकडा, असले काही फोनवर कोणी मागितले तर देऊ नका. पैशांची फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

म्हणून मी स्वतःला पाच प्रश्नांची सवय लावून घेतली आहे. कोणत्या खात्याचा निर्णय? तारीख कोणती? कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही? अर्ज कुठे व केव्हापर्यंत? पैसे लागतात का, आणि लागत असतील तर पावती मिळते का? या पाचांची उत्तरे ज्या बातमीत नाहीत, ती बातमी नव्हे, ती कुजबूज.

आता दुसरी गोष्ट. कागद कळला, अर्ज दिला, पुढे काय? आपण बायका अर्ज देतो आणि साहेबांना नमस्कार करून परत येतो. पोच घेत नाही. पोच मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याला वाटते. तसे मुळीच नाही. आपण दळण टाकतो तेव्हासुद्धा डब्यावर नाव घालतो. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला आहे. त्याप्रमाणे कोणता दाखला किती दिवसांत द्यावयाचा ते ठरलेले आहे. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत, अधिवासाचा पंधरा दिवसांत, असे. ही मुदत, फी आणि अधिकाऱ्याचे पद कार्यालयात फलकावर लावावयाचे असते. अर्ज दिला की क्रमांक असलेली पोच मिळावयाची. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. तिथे न झाल्यास दुसरे अपील, आणि त्याही पुढे राज्याचा सेवा हक्क आयोग आहे. कारण नसताना उशीर लावणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. भांडायला जाण्याची गरज नाही. "माझी पोच द्या, साहेब," एवढे तीन-चार शब्द पुष्कळ काम करतात. त्याच २०१५ सालापासून पुष्कळ ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि आपणच सही केलेली झेरॉक्स चालते. तेव्हा बाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाने स्टँप घ्यायला सांगितला, तर आधी आत जाऊन विचारून या.

काही कागद समजला नाही, किंवा आपल्या अर्जाचे काय झाले ते कळले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एका विषयावर, दीडशे शब्दांच्या आत अर्ज लिहावयाचा. तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. तिथे अधिकारी समोरासमोर गाऱ्हाणे ऐकतात. अर्ज मात्र पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आणि कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली, तर बाईला तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे विचारावे. हे मला साठाव्या वर्षी कळले असते तर काय उपयोग? म्हणून आज तरण्या सुनांनी ऐकून ठेवा.

तिसरी गोष्ट आपल्या गावातलीच. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तिच्या आधी फक्त बायकांची सभा भरावी, असे आपल्या राज्याच्या ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. घरकुलाच्या आणि इतर लाभांच्या याद्या तिथे वाचल्या जातात. याद्या वाचताना आपण तिथे असलो, तर कोणाचे नाव राहिले ते तिथल्या तिथे सांगता येते. पण खरे बोलू का? आपण जात नाही. घरी वही आली की सही करतो आणि भाकऱ्या थापायला बसतो. २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. खुर्चीवर बाई बसली आणि समोर सतरंजीवर एकही बाई नाही, तर ती बिचारी कोणाच्या जिवावर बोलणार? हा दोष सरकारचा नाही, आपला आहे. मीही त्यात आले.

आता थोडे क्रमांक सांगते. चिटणीसबाईंनी ते कागदावर लिहून आणले आहेत, जाताना एकेक घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा. आणीबाणीला ११२. रुग्णवाहिकेला १०८. बाईवर घरात वा बाहेर अन्याय होत असेल तर १८१. संकटातल्या मुलांसाठी १०९८. आणि मघाशी सांगितलेला १९३०. फ्रिजवर लावा, देवघराशेजारी लावा, कुठेही लावा, पण जिथे मुलींची नजर रोज जाईल तिथे लावा. काही वेळा ज्या मुलीला मदत हवी असते, ती तोंडाने विचारीत नाही.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपण हळदीकुंकू करतो, सहल काढतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो. ते सारे हवेच. त्याबरोबर आपण एक वही घालू या. तिला 'बातमीची वही' म्हणू. एखादीने सरकारी बातमी आणली, की तीत तारीख, खाते, निर्णयाचा क्रमांक, शेवटची मुदत, आणि कोणी स्वतः वाचून खात्री केली तिची सही, एवढे लिहावयाचे. खात्री झालेली नसेल तर 'ऐकीव' असे लिहावयाचे. नियम बदलला तर जुन्या ओळीवर रेघ मारून खाली नवा लिहावयाचा. दर महिन्याच्या बैठकीत ती वही दहा मिनिटे वाचावयाची. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळेतल्या बाई आपल्याच आहेत, त्यांनाही बोलवावे. आणि ज्या घरात नुकतेच दुःख झाले आहे, त्या घरी आपण डाळभात घेऊन जातो, तेव्हा डब्याबरोबर वहीतले पानही न्यावे. तेराव्यानंतर माणसे पांगतात. पुढच्या दिवसांसाठी त्या बाईला काय मागता येईल, हे सांगायला कोणी थांबत नाही. ती आपण होऊन विचारायला येईल, याची वाट पाहू नये. माझ्याकडे एक आली होती, आणि मी तिला काय सांगितले ते तुम्ही ऐकलेच.

तिची मुलगी आज कुठे आहे, असे तुमच्या मनात आले असेल. मंजुरीचे पैसे सुरू झाल्यावर तिने बाहेरून बारावीचा अर्ज भरला. दिवसा दुकान आणि रात्री अभ्यास करून ती बारावी पास झाली. बरोबरीच्या मुलींपेक्षा तिची वर्षे मागे पडली, ती कोणी परत देऊ शकत नाही. पण पहिल्या बातमीच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिण्याचे काम मी तिला मागितले आणि तिने ते आनंदाने कबूल केले आहे. तिने एकच अट घातली आहे. म्हणाली, "मावशी, 'ऐकीव' लिहायला मी लाल शाई वापरणार."

तेव्हा भगिनींनो, लाल शाईची दौत मंडळाने घ्यावी, एवढा ठराव आजच करावा.  तिकडे चहा तयार झाल्याची खूण स्वयंपाकघरातून होत आहे, म्हणून आता आपली रजा घेते.